घोडा खेळाच्या पानावर राहू द्या, भाव तेवढा काढा

प्रति,
मुंबई-ठाण्यातून निघणाऱ्या दैनिकांचे क्रीडा संपादक आणि क्रीडा विभागातले सर्व सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. पेपर मागच्या पानापासून वाचायची सवय मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लावली. मागचं पान खेळाचं. कसोटीचा धावफलक, कबड्डीचे निकाल आणि अगदी तळाशी, बारीक टायपात, त्या दिवशीच्या रेसचे घोडे. पहिली शर्यत, दुसरी शर्यत, प्रत्येकीत पहिली पसंती, दुसरी पसंती आणि शेवटी दिवसाचा खात्रीचा घोडा. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. बारीक टाइप अण्णांना दिसत नसे, म्हणून ती नावं मी मोठ्यानं वाचून दाखवायची आणि ते पेन्सिलीनं खुणा करायचे.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. हात सोन्याचा, दारूचं व्यसन नाही, तोंडात शिवी नाही. पगार सात तारखेला व्हायचा आणि पंधरा तारखेला आई वाण्याकडे वही घेऊन उभी असायची. चाळीत मटका खेळणारे चार-पाच जण होते. आकडा लावणाऱ्यांना आई नावं ठेवायची आणि अण्णाही ठेवायचे. मटका म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, चिठ्ठीवर, पोलीस आले की पळापळ. रेसचं तसं नव्हतं. तिकिटाला खिडकी होती, खिडकीमागे क्लब होता, क्लबाकडे सरकारचं लायसन्स होतं. आणि या सगळ्यांवरची मोठी साक्ष म्हणजे पेपर. आई फारच चिडली की अण्णा ते पान तिच्यापुढे धरायचे. "अगं, जुगार असता तर खेळाच्या पानावर छापला असता का?"

आई एकदाच म्हणाली, "मग आकडापण तिथंच छापा म्हणावं."

अण्णांकडे त्याचं उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का, हे विचारण्यासाठी हे पत्र.

रेस बंद करा, असं मी म्हणत नाही. घोड्यांची शर्यत हा खेळ नाही, असंही म्हणत नाही. उलट तो खेळ आहे हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. सहावीत असताना अण्णा मला एकदा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घेऊन गेले. ठाण्याहून दादर, पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, महालक्ष्मीला उतरून चालत. शर्यतीआधी घोडे गोलात फिरवून दाखवतात, तिथं कठड्याशी मी उभी राहिले. घामानं चकाकणारी तांबडी कातडी, मानेवर उठलेल्या शिरा, आणि लगाम धरून शेजारून चालणारा सईस, जो घोड्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. मग शर्यत. शेवटच्या वळणावरून घोडे समोरच्या सरळ पट्ट्यात आले तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. तो आवाज आधी पोटात ऐकू येतो, कानात नंतर. चाळीस-पन्नास सेकंद मला श्वास घ्यायचं भान नव्हतं.

घोडे शर्यत संपते त्या खांबापुढून गेले, आणि मी वळून अण्णांकडे पाहिलं. ते खाली बघत होते, हातातल्या तिकिटाकडे. त्यांच्या शेजारचाही, त्याच्या शेजारचाही. मग सगळ्यांच्या माना एकदम वर, फलकाकडे. वेग उतरवत, फुरफुरत निघालेल्या घोड्यांकडे बघणारी आमच्या बाकावर मी एकटी होते. त्या वयात मला एवढंच वाटलं की मोठी माणसं नेमका गमतीचा भाग चुकवताहेत. आता वाटतं, खेळ आणि जुगार यांच्यामधली रेघ मला त्या दिवशी डोळ्यांसमोर आखलेली दिसली होती. ती मैदान आणि प्रेक्षक यांच्यामधून जात होती.

मैदानाकडच्या बाजूला काय आहे ते आधी सांगते, कारण तिचा मला मनापासून आदर आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठेक किलोमीटरनं पळतं आणि त्याच्यावर पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस बसत नाही, रिकिबीत चवड्यांवर तोल सांभाळून ओणवा राहतो. वजन वाढू नये म्हणून आयुष्यभर अर्धपोटी राहतो. शर्यतीच्या मागून अँब्युलन्स धावते ती शोभेसाठी नव्हे. कार्ल उमरीगर हा कोवळ्या वयातच नावाजलेला जॉकी १९७९ साली महालक्ष्मीवर घोड्यावरून पडला आणि त्या दुखापतीतच गेला. आणि घोडा? अण्णांचा लाडका होता स्क्वांडरर. एकोणीस शर्यती पळला, अठरा जिंकला. मी आमच्या इंग्रजीच्या बाईंना त्या नावाचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "उधळ्या. पैसे उडवणारा." घरी येऊन मी तो अर्थ अण्णांना सांगितला नाही. आईलाही नाही.

तर हा खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयही हेच म्हणालं. १९९६ साली डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात न्यायालयानं निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे आणि म्हणून तिच्यावर पैसे लावणं कायद्याच्या अर्थानं जुगार ठरत नाही. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा तर १८८७ चा, त्यातही रेसकोर्सवरच्या पैजेला वेगळी वाट ठेवलेली आहे, आणि १९१२ पासून रेसकोर्सच्या परवान्याचा स्वतंत्र कायदा आहे. कायद्यावर माझं भांडण नाही. पण गणिताची शिक्षिका म्हणून एक पायरी मला खटकते. कौशल्य कोणाचं? घोड्याचं, जॉकीचं, ट्रेनरचं. पहाटे चारला उठून तबेला झाडणाऱ्या सईसाचंही. त्यांचं कौशल्य खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माझ्या वडिलांच्या खात्यावर कसं जमा होतं?

यावर रेसवाले सांगतात की पैसे लावणाराही अभ्यास करतो. वंशावळ बघतो, मैदान ओलं की कोरडं ते बघतो, मागच्या पाच शर्यतींच्या वेळा बघतो. खरं आहे. अण्णांनी जेवढा अभ्यास केला तेवढ्यात कोणी इंजिनियर झाला असता. म्हणून मी त्यांचं गणितच मांडून दाखवते.

टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एका हंड्यात. क्लब आपला वाटा काढतो, सरकार आपला कर काढतं, उरलेले पैसे जिंकणारे वाटून घेतात. समजा दहा जणांनी शंभर-शंभर रुपये टाकले आणि हंड्यातून वीस टक्के निघून गेले. दहा जणांत मिळून आठशे उरले. कोण जिंकलं ते सोडा. ते आठशे पुढच्या शर्यतीला लागले की सहाशे चाळीस, त्यानंतर पाचशे बारा. सहा शर्यती झाल्या की हजाराचे दोनशे बासष्ट. घोडे कितीही चांगले असोत, अभ्यास कितीही खोल असो, दहा जणांचा तो गट घरी दोनशे बासष्ट रुपयेच नेणार. एखादा हुशार त्यातून वर येईलही, पण त्याला बाकीच्या नऊ जणांपेक्षा हुशार असून भागत नाही, त्या कापल्या जाणाऱ्या वीस टक्क्यांपेक्षाही हुशार असावं लागतं. वीस टक्के मी उदाहरणापुरते घेतले. प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर जीएसटीच ४० टक्के आहे. कॅसिनो आणि लॉटरी ज्या दरात, त्याच दरात. सरकारच्या करपत्रकात रेसची जागा कुठे आहे ते यावरून दिसतं. तुमच्या पेपरात मात्र ती कबड्डीशेजारी आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. रोजच्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. घोडा जिंकू लागला की त्याचं रेटिंग चढतं, आणि रेटिंग चढलं की त्याच्या पाठीवर वजन चढतं. खोगिराच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं करतात. कमी रेटिंगच्या घोड्याला हलकं ओझं, जास्त रेटिंगच्याला भारी. हे ठरवणाऱ्या हँडिकॅपरचं स्वप्न असं असतं की सगळे घोडे एकाच वेळी खांबाशी पोहोचावेत. म्हणजे घोडा घोड्यापेक्षा सरस असणं, जे खेळाचं मूळ, तेच इथं मोजूनमापून पुसलं जातं. मी वर्गातल्या हुशार मुलांना पेपर सोडवायला वीस मिनिटं कमी दिली, ढ मुलांना वीस मिनिटं जास्त दिली, आणि मग व्हरांड्यात पालकांना सांगितलं की पहिला कोण येईल त्यावर पैसे लावा, तर त्याला परीक्षा कोण म्हणेल? खारघरच्या गोल्फ कोर्सवरही हँडिकॅप असतो, मला ठाऊक आहे. पण तिथं तो असतो कारण नवशिक्याला मुरलेल्या खेळाडूबरोबर खेळण्याचा आनंद मिळावा. रेसमध्ये आनंद कोणाला द्यायचा? घोड्याला? निकालाचा अंदाज बांधता आला तर भाव, म्हणजे लावलेल्या रुपयामागे मिळणारी रक्कम, पडतो, भाव पडला तर हंडा भरत नाही. वजन त्यासाठी चढतं.

म्हणूनच डर्बी वेगळी. महालक्ष्मीला १९४३ पासून इंडियन डर्बी होते, २४०० मीटर, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. तिथं आधीच्या विजयांची शिक्षा म्हणून वजन चढवत नाहीत. नरांना सारखं ओझं, माद्यांना थोडं कमी, आणि जो खरंच सरस तो पुढे. ती शर्यत तुम्ही आठ कॉलमी छापा, मी आवडीनं वाचेन.

एक सोपी परीक्षा करून बघू. पैज काढून टाकली तर मागे काय उरतं? क्रिकेटवर आपल्या देशात सट्टा बेकायदा आहे, चोरून कोट्यवधींचा चालतो हेही सगळ्यांना माहीत आहे. पण उद्या सट्टा समूळ गेला तरी दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सकाळी सहाला मुलं पॅड बांधून येतीलच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या आपल्या दोन मराठी कप्तानांनी पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही चषक आणले. त्यावर कोणी भाव काढला नव्हता. घोड्याचंच उदाहरण हवं असेल तर २६ सप्टेंबर २०२३ आठवा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण एकेचाळीस वर्षांनी आलं. एक तिकीट नाही, एक बुकी नाही. घोडा आणि माणूस यांच्यातलं नातं खेळ म्हणून स्वतःच्या पायांवर उभं राहतं, ते असं.

रेसचं तसं नाही. बक्षिसांपासून मैदानाच्या हिरवळीपर्यंत पैजेच्या पैशावर फार मोठा भार आहे. मैदानावर शर्यत नसेल त्या दिवशीही पुणे, बंगळूर, हैदराबाद, चेन्नईच्या शर्यती पडद्यावर दाखवून त्यांच्यावर पैसे घेतले जातात. पडद्यावरच्या त्या शर्यतीत घोड्याचा वास नाही, जमीन हलत नाही. खिडकी मात्र उघडी असते.

खेळ हा शब्द किती मोलाचा आहे हे आम्हा ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळावा म्हणून इथल्या गोविंदा पथकांनी किती वर्षं वाट पाहिली, आणि २०२२ साली तो मिळाला तेव्हा टेंभी नाक्यापासून वर्तकनगरपर्यंत पोरांना काय वाटलं असेल! बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अटींसह ती उठवली, २०२३ च्या मेमध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला. भिवंडी, कल्याण, पनवेलकडचा गाडामालक आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून शर्यत भरवतो. त्याची बातमी तुम्ही जिल्ह्याच्या पानावर घेता, यात्रेच्या बातमीशेजारी. बैल शेतकऱ्याचा म्हणून परंपरा, घोडा क्लबाचा म्हणून क्रीडा? हे मला पटत नाही, एवढंच म्हणून पुढे जाते.

आता तुमच्या पानाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. त्याची जाहिरातही बंद. त्याआधी वर्षानुवर्षं फँटसी क्रिकेटच्या कंपन्या अण्णांचाच युक्तिवाद करत होत्या: हा कौशल्याचा खेळ आहे, न्यायालयानंच म्हटलंय. पोरं कर्जबाजारी होतात हे दिसल्यावर संसदेनं कौशल्याची ती ढाल बाजूला सारली. तुमच्या पानांवरून त्या जाहिराती गेल्या. पण मुंबईतल्या काही दैनिकांच्या क्रीडा पानावर आजही रेसच्या पसंतीचे अंदाज येतात, संकेतस्थळांवर तर सविस्तर येतात. फँटसी क्रिकेटची निदान जाहिरात होती, वाचणाऱ्याला कळायचं की कोणीतरी पैसे देऊन छापलंय. घोड्यांच्या अंदाजाखाली तुमच्याच माणसाचं नाव असतं. अण्णांनी विश्वास ठेवला तो बुकीवर नव्हे. त्यांनी पेपरवर ठेवला.

आईच्या पाटल्या गेल्या त्या वर्षी मी आठवीत होते. सोनाराकडे गहाण ठेवताना तिनं मला सोबत नेलं होतं, मला हिशेब नीट येतो म्हणून. व्याजाचा दर मी तोंडी काढला. त्यानंतर मी अण्णांना नावं वाचून दाखवणं बंद केलं. ते रागावले नाहीत. भिंग विकत आणलं.

तुम्ही म्हणाल, बाई, रेसवर हजारो पोटं आहेत. आहेत. सईस, नालबंद, गवतवाले, पुण्याकडची पैदास केंद्रं. त्यांच्या पोटावर पाय द्यायला मी निघालेली नाही. माझं म्हणणं असं की तुम्ही त्यांच्याबद्दलच लिहा. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या पागेतले म्हातारे घोडे औषधांसाठी रक्तद्रव काढायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच १९६६ साली लशीचा मोठा कारखाना उभा राहिला. ही घोड्याचीच गोष्ट आहे. ती खेळाच्या पानावर मी कधी वाचली नाही. शर्यतीत पाय मोडलेल्या घोड्याचं काय होतं, सहा-सात वर्षांचा झाल्यावर तो कुठे जातो, जॉकी होऊ पाहणारं पोरगं कुठून येतं, काय खातं, काय खात नाही, हे तुम्ही लिहिलंत तर रेसला खेळ म्हणण्याचा तुमचा हक्क मी मान्य करीन. महालक्ष्मीच्या जमिनीवर तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत. त्या जमिनीवर जे धावतं त्याच्यावर फक्त भाव छापता.

तर विनंती करते. अंदाज, पसंती, भाव, जॅकपॉटची जोडणी आणि 'खात्रीचा घोडा' खेळाच्या पानावरून काढा. अगदीच छापायचं असेल तर लॉटरीच्या निकालाशेजारी छापा. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकार स्वतः चालवतं, तरी तिचा निकाल तुम्ही क्रीडा म्हणून छापत नाही. आणि जिथे छापाल तिथे, शर्यतीच्या नावाइतक्याच मोठ्या टायपात, एक ओळ घाला की या हंड्यातून आधी क्लबाचा आणि सरकारचा वाटा जातो आणि मग उरलेलं वाटलं जातं. बारीक टाइप नको. तो आमच्या घरी वाचून दाखवावा लागायचा.

माझा नातू अकरा वर्षांचा आहे. त्याला घोडे फार आवडतात. माथेरानला गेलो की मला मिनिट्रेननं पाठवतो आणि स्वतः घोड्यावरून येतो. येत्या फेब्रुवारीत डर्बीला मी त्याला महालक्ष्मीला नेणार आहे, त्याच रस्त्यानं, दादरचा पूल ओलांडून. कठड्याशी उभं करणार आहे. दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी तो तुमचं मागचं पान उघडेल. घोड्यानं २४०० मीटरला किती वेळ घेतला, शेवटच्या वळणावर तो कितवा होता, त्याचा सईस कोण, हे त्याला त्या पानावर मिळू द्या.

आपली वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका
नौपाडा, ठाणे